बीडचा निवडणूक इतिहास २००९ पासून सुरू होत नाही

संपादक महोदय,

निवडणूक तोंडावर आली किंवा निकाल लागला की बहुतेक वृत्तपत्रांतून मतदारसंघांचा परिचय छापला जातो. बीडच्या वाट्याला त्यात गेली काही वर्षे ठरलेला मजकूर येतो. मुंडे कुटुंबाचा बालेकिल्ला, मराठा आणि ओबीसी मतांची बेरीज-वजाबाकी आणि २०२४ मध्ये तो बालेकिल्ला कसा ढासळला याचे वर्णन, एवढ्यावर लेख संपतो. यातले काही खोटे नाही. पण गोपीनाथ मुंडे बीडमधून लोकसभेवर पहिल्यांदा निवडून गेले ते २००९ साली, आणि त्याआधीची सत्तावन्न वर्षे या परिचयांतून जवळजवळ पुसली गेली आहेत. याबद्दल हे पत्र.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बीड हैदराबाद राज्यात होते आणि येथून रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले ते काँग्रेसचे नव्हे, तर कम्युनिस्टांचा भर असलेल्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे उमेदवार म्हणून. १९५७ आणि १९६२ काँग्रेसकडे गेले. पुढे १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटील बीडचे खासदार झाले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा नेता १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेला होता. बीडमध्ये त्यांची ना भावकी, ना सोयरीक, ना कारखाना, ना शिक्षणसंस्था. तरीही भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या चिन्हावर येथील शेतकऱ्याने त्यांना दिल्लीला पाठवले. आज शेजारच्या तालुक्यातला उमेदवार दिला तरी ‘बाहेरचा’ म्हणून ओरड होते, हे पाहता तो निकाल दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. १९७१ मध्ये काँग्रेसचे सयाजीराव पंडित आले आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. आणीबाणीनंतरच्या त्या लाटेत महाराष्ट्रातून त्या पक्षाचे तीन खासदार झाले. दुसरे दोघे मुंबईच्या अहिल्या रांगणेकर आणि डहाणूचे लहानू कोम. त्या पंक्तीत बीड होते, हे आजच्या तरुण वाचकाला सांगितले तर तो आधी खात्री करून घेईल.

१९८० आणि १९८४ मध्ये काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर, १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे, १९९१ मध्ये पुन्हा केशरकाकू, १९९६ मध्ये भाजपच्या रजनी पाटील. म्हणजे १९६२ ते १९९६ या काळात लागोपाठ दोनदा एकच पक्ष जिंकला तो फक्त १९८० आणि १९८४ मध्ये. ज्या मतदारसंघाने खासदार इतक्यांदा बदलला, त्याला बालेकिल्ला हा शब्द कोणाच्याही नावाने लावताना हात जरा आखडता घ्यावा. जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ मध्ये भाजपचे खासदार होते आणि २००४ मध्ये राष्ट्रवादीचे. पक्ष बदलूनही मतदार त्यांच्यामागे गेला. आणखी एक गोष्ट क्वचितच नोंदवली जाते. २०१४ च्या पोटनिवडणुकीतील व २०१९ मधील प्रीतम मुंडे यांचे विजय धरले, तर १९८० पासून सहा वेळा या ग्रामीण मतदारसंघाने स्त्रीला लोकसभेत पाठवले आहे.

आकड्यांच्या खेळातही बीडचा हात धरणारा मतदारसंघ विरळा. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे यांचे अपघाती निधन झाल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६ लाख ९६ हजार ३२१ मतांनी विजयी झाल्या. तो तोपर्यंतचा देशातील विक्रम होता. राष्ट्रवादीने तेव्हा उमेदवारच दिला नव्हता, ही गोष्ट त्या आकड्याशेजारी छापायला हवी. दहा वर्षांनी राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे बजरंग सोनवणे यांनी भाजपच्या पंकजा मुंडे यांचा पराभव केला तो ६ हजार ५५३ मतांनी, आणि तोही सोनवणे यांच्या तुतारी या चिन्हाशी साम्य असलेल्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षाने पन्नास हजारांवर मते घेतली असताना. ऑक्टोबर २०२३ अखेर बीड आणि माजलगावात झालेली जाळपोळ व आरक्षणाचे आंदोलन यांची छाया त्या निकालावर होती, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार एवढीच की २०२४ चा चष्मा लावून मागची सत्तर वर्षे वाचली जातात.

ज्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे, ती बाब निवडणुकीच्या महिन्याची आहे. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या काळात धारूर, पाटोदा, शिरूरकडच्या कितीतरी वस्त्यांवर म्हातारी माणसे, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे आणि कुलूप लावलेली दारे उरतात. १९८० ची लोकसभा जानेवारीत झाली, १९८४ ची डिसेंबरमध्ये, १९८९ ची नोव्हेंबरमध्ये, १९९८ ची फेब्रुवारीत. म्हणजे जोडप्याने राबणारा हा मतदार ऐन हंगामात कारखान्याच्या तळावर खोपीत होता, आणि मतदानासाठी दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे सोडणे त्याला परवडणारे नव्हते. २००४ पासून लोकसभेचे मतदान सलग एप्रिल-मेमध्ये येऊ लागले (२०२४ मध्ये येथे १३ मे रोजी झाले) आणि हा वर्ग मतदानाच्या दिवशी गावात नेमाने दिसू लागला. ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर उभे राहिलेले नेतृत्व लोकसभेला किती प्रभावी ठरले, याचा विचार या वेळापत्रकाशिवाय कसा करणार? जातींच्या टक्केवारीचे तक्ते छापणाऱ्यांनी हंगामाचा तक्ताही एकदा शेजारी ठेवून पाहावा.

तेव्हा विनंती अशी की, आपल्या बीड आवृत्तीने १९५२ पासूनच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीवर एक स्वतंत्र लेख द्यावा. त्यात विजयी आणि पराभूत उमेदवारांची मते, मतदानाचा महिना आणि त्या वेळी मते कोणत्या प्रश्नावर मागितली गेली, हे यावे. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावरून बीडला रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या प्रचारांत या रेल्वेचे आश्वासन कोणी कोणत्या शब्दांत दिले, हे आपल्याच जुन्या अंकांत सापडेल. १९६७ मध्ये मतदानाचे वय २१ होते, त्यामुळे नाना पाटलांना मत दिलेला माणूस आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहे. आपल्या वार्ताहरांनी हे काम पुढच्या निवडणुकीपर्यंत लांबणीवर टाकू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई