‘आता आपल्यालाही होणार का?’

आई एकाच आमटीत तीनदा मीठ घालू लागली, तेव्हा आम्ही ‘वय झालं’ म्हणून हसण्यावारी नेलं. निदान अल्झायमरचं निघालं आणि धाकट्या भावाचा पहिला प्रश्न वरचाच होता. ‘एपीओई-४’ या जनुकप्रकाराचा आजाराशी संबंध १९९३मध्येच उघड झाला. पण तो असूनही अनेकांना आजार होत नाही, नसूनही होतो. २०१३मध्ये ‘ट्रेम-२’ या जनुकाचं नाव पुढे आलं. ते मेंदूतल्या मायक्रोग्लियांशी, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशींशी निगडित. अमायलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा कचरा उचलता उचलता याच पेशी बिथरतात आणि दाह धुमसत राहतो. आमच्या नातेवाइकांनी मात्र ‘रक्तातच आहे’ म्हणून विषय मिटवला! आईचा वाढलेला रक्तदाब, कमी झालेलं ऐकू येणं या आजाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आम्हीही नाही.

– एक वाचक, सातारा