संचालकांना कागद आठ दिवस आधी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतील अनेक कारखान्यांत संचालक म्हणजे भाऊ, पुतणे, फार तर एखादा जुना स्नेही. एकमेकांवर विश्वास असतो, त्यामुळे संचालक मंडळाच्या बैठकीचे कागद बैठकीतच वाटले जातात. चाळीस पानांचा गठ्ठा आणि समोर चहा. अशा वेळी कोणी वाचत नाही, सगळे मान डोलावतात. कोट्यवधींचे कर्ज असे मंजूर होते, ही गोष्ट गंभीर आहे.

कंपनी कायदा २०१३ नुसार बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही हाच नियम आहे आणि तिथे दर तीन महिन्यांत एक बैठक घ्यावीच लागते. पण नुसती तारीख-वेळ कळवून भागत नाही. प्रत्येक विषयाची टिपणी सोबत हवी, आणि तिची पहिली ओळ 'मंडळाने नेमके काय ठरवायचे आहे' ही असावी.

समजा, टॉवेलच्या कारखान्याला बारा रॅपिअर (बिनधोट्याचे) माग घ्यायचे आहेत. टिपणी दोन पानांची पुरे: एकूण खर्च, कर्ज किती, हप्ता किती, सुताचा भाव दहा टक्के चढला तर हप्ता निघेल का, जुने माग दुरुस्त करणे किंवा बाहेरून विणून घेणे का नको. कोटेशने आणि ताळेबंद मागे जोडावेत. पुरवठादार एखाद्या संचालकाचा नातेवाईक असेल तर तेही तिथेच लिहावे. हे बैठकीत उघड झाले की चर्चा मागांवरून माणसांवर घसरते.

आकडे व्हॉट्सॲपवर फिरवणे आधी थांबवा. तीन फायली फिरतात, शेवटची कोणती हे कोणालाच सांगता येत नाही आणि पद सोडलेला संचालकही ग्रुपमध्ये तसाच असतो. एकच फोल्डर ठेवा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि संचालक गेला त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करा.

इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत सर्वांकडे जावा आणि तीस दिवसांत नोंदवहीत चढावा. 'चर्चा होऊन ठराव मंजूर' एवढ्यावर ते संपवू नये. कोणी विरोध केला असेल तर कायद्यानेच त्याचे नाव लिहावे लागते. घरच्या कंपन्यांत नेमके तेच गाळले जाते. ठरावापुढे जबाबदार माणूस आणि मुदत लिहावी आणि पुढच्या बैठकीत तोच तक्ता आधी वाचावा, मगच नवा विषय घ्यावा.

आपला,
एक कंपनी सचिव, सोलापूर