सागाच्या गाठी

सिंदेवाही,
१६ फेब्रुवारी

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझा साग तीन वर्षांत डोक्यावर गेला हे वाचून फार आनंद झाला. पण ‘फांद्या झाडाबरोबर वर जातील, म्हणून हात लावला नाही’ या ओळीवर आलो आणि लगेच लिहायला बसलो. फांदी वर जात नाही रे! झाड उंच होतं ते शेंड्याकडून. कमरेच्या उंचीवर फुटलेली फांदी पन्नास वर्षांनीही तिथेच असते. ती जाड होत जाते आणि खोड तिला पोटात घेतं.

बाबांनी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर लावलेला साग तुला आठवत असेल. गेल्या वर्षी रीतसर परवानगी काढून तो दारांसाठी तोडला. आरागिरणीत पहिली फळी निघाली आणि काळजात चर्र झालं. जागोजागी काळ्या गाठी. वाळलेल्या फांद्यांच्या गाठी तर बोटाने ढकलल्या की निसटायच्या आणि फळीला भोक पडायचं. बाबांनी कधी एक फांदी छाटली नव्हती. आलापल्लीच्या जंगलात दाटीमुळे खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या आपसूक वाळून गळतात, म्हणून तिथला साग सरळसोट. धुऱ्यावर चारी बाजूंनी ऊन. तिथे ते काम आपणच करायचं.

तुझी खोडं अजून मनगटाएवढी आहेत. आत्ता छाटलंस तर गाठी तेवढ्या गाभ्यातच राहतील, त्यावर चढणारं लाकूड निर्मळ असेल. म्हणून घाई करतोय. नवी पालवी फुटायच्या आत उरक. कोयता नको, साल सोलते; हातकरवत घे. फांदी खोडाला मिळते तिथे जरा फुगवटा असतो, त्याच्या अगदी बाहेरून काप. फुगवटा गेला तर जखम मोठी होते, खुंट ठेवलास तर तो कुजतो. फांदी जड असेल तर आधी खालून थोडी चीर, मग वरून. दोन शेंडे असतील तिथे सरळ, जोमदार तेवढा ठेव.

पण एका वर्षात सगळं उरकू नकोस. मी पहिल्या वर्षी वर नुसता झुपका ठेवला होता. पावसाळी वाऱ्यात ती बारीक खोडं वाकली, काही पुन्हा उभी राहिलीच नाहीत. खोड पोसतं ते पानांवर. खालच्या एक तृतीयांश उंचीपेक्षा जास्त उघडं करू नकोस. पावसात कापल्या जागी फुटवे येतील, ते कोवळे असतानाच हाताने खुडायचे.

होळीला मी येतोच आहे, करवत घेऊन. पहिली ओळ दोघं मिळून करू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विलास