मोठमाय रडत नव्हती

महोदय,

शुक्रवारच्या (३ एप्रिल) अंकातला गुड फ्रायडेवरचा लेख वाचला. आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीनं येतो. त्यामुळे आधी चर्च आटोपलं, मग लेख वाचला, आणि रात्रभर डोकं भणभणत राहिलं. लेखक विद्वान आहेत, भाषाही गोड आहे. फक्त आम्ही ख्रिस्ती माणसं त्यात कुठे सापडलो नाही. 'दुःखालाच देव मानणारा धर्म', 'आनंदाकडे पाठ फिरवलेली माणसं', 'चाळीस दिवसांची आत्मपीडा'. वा!

त्या चाळीस दिवसांचं, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या उपासाच्या काळाचं आधी घ्या. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे त्या काळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला होता. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत बोटांवर मोजा, ४६ भरतात. मधले सहा रविवार त्यात धरतच नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार. त्या दिवशी कसला उपास? कोणत्याही गावच्या पाळकाला एक फोन केला असता तरी हे कळलं असतं. पीडाच हवी असती तर आम्ही रविवार कशाला सोडले असते?

असो. मला खरं बोलायचं आहे ते आपल्याच पेपरात आलेल्या एका जुन्या फोटोबद्दल. आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात जे आलं त्यातलं पहिलं तो वेदीपुढे आणून ठेवतो. पायलीभर ज्वारी, तुरीच्या शेंगा, दुधी भोपळे, पहिल्या वेच्याचा कापूस. उपासना झाली की अंगणात हर्रास. माझी मोठमाय विधवा, कोरडवाहू दोन एकरांची धनी. त्या साली सोयाबीन पावसानं खाल्लं होतं, म्हणून ती पाय चिंधीनं बांधलेली कोंबडी घेऊन आली. हर्रासात ज्यानं कोंबडी घेतली त्यानं ती परत दान केली, पुन्हा बोली लागली, दुसऱ्यानं घेतली, त्यानंही परत दिली. कोंबडी बकऱ्याच्या भावाला जाऊन पोचली. मोठमाय पदर तोंडाला लावून हसत होती, अख्खं अंगण हसत होतं. तेवढ्यात आपले फोटोग्राफर म्हणाले, "मावशी, हसू नका, जरा गंभीर व्हा." ती बिचारी गंभीर झाली. दुसऱ्या दिवशी फोटोखाली ओळ: 'परिस्थितीने गांजलेल्या विधवेचा त्याग'.

मी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "कोंबडी माही, देल्ली म्या, मले गोड वाटलं. ह्या पेपरवाल्याच्या पोटात काहून दुखून राह्यलं?"

तिला जे कळत होतं ते आपल्या लेखकांना कळलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी चिल्लर नाणी, टाकणाऱ्या बायबलातल्या विधवेची गोष्ट त्यांनी मोठ्या गहिवरानं सांगितली आहे. पण येशू तिची कीव करत नाही. सगळ्यांपेक्षा हिनं जास्त टाकलं, असं म्हणतो. आणि मार्कच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात त्याच्याच वरचं वचन वाचा. विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना तिथं तो फैलावर घेतो. दुसऱ्याच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे वचन सोडून पुढे जाऊ नये. (आमच्या काही मंडळ्यांचे खजिनदारही ते सोडतात, हेही खरं.)

वधस्तंभ म्हणजे दुःखाची आवड, हे तर अजबच. पकडला गेला त्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं हा प्याला टळो अशीच प्रार्थना केली होती. मरण त्याला नकोच होतं. माणसं हवी होती. त्याच रात्री जेवण झाल्यावर ते सगळे स्तोत्र गाऊन डोंगराकडे निघाले, असं शुभवर्तमानात लिहिलं आहे. ते जेवण वल्हांडणाचं, म्हणजे यहुद्यांच्या सणाचं, आणि त्या सणाला ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणायचा त्यांचा रिवाज. ११८वं उघडून बघा, परमेश्वरानं नेमलेल्या दिवशी आनंद करू या, असं त्यात आहे. पकडायला माणसं निघालेली असताना हे गाणं! आणि माझा आनंद तुमच्यात राहावा, हे शिष्यांना सांगितलं तेही त्याच रात्री. प्रेषित पौल तर आपल्या पत्रात सरळच लिहितो की सगळं वाटून टाकलं, शरीर जाळायला दिलं, तरी प्रीती नसेल तर लाभ शून्य. देवाला खूश करायला आम्ही स्वतःला जाळून घ्यायचं नाही. तो हिशेब ख्रिस्तानं एकदाच आणि कायमचा चुकता केला, अशी आमची श्रद्धा आहे. मग माणूस देतो ते कशासाठी? मिळालेलं प्रेम एकट्यात मावत नाही म्हणून. मोठमायनं कोंबडी दिली ती अशी. त्यात हसू येणारच.

जाता जाता एक. त्याच पानावर खाली आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची हात जोडलेली जाहिरात आहे, 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'. प्रभूच्या मरणाच्या दिवशी हार्दिक शुभेच्छा! आपल्या जाहिरात विभागात कोणी वाचून पाहतं की नाही? शुभेच्छा द्यायच्याच होत्या तर दोन दिवस थांबून ईस्टरला द्यायच्या. याच महाशयांनी मागच्या निवडणुकीत आमच्या कब्रस्थानाचा रस्ता करून देतो म्हणून सांगितलं होतं. रस्ता कसला, काळ्या मातीची पांदण. मोठमाय गेली ती भर पावसाळ्यात. ट्रॅक्टर चाकापर्यंत फसला आणि पोरांनी पेटी खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून नेली. त्या जाहिरातीच्या पैशात मुरमाच्या चार ट्रॉल्या सहज आल्या असत्या.

आपला,
एक वाचक
ता. अचलपूर, जि. अमरावती