जाहिरातीत नावाखाली 'सुईण' छापा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या पेपरातल्या पुण्यतिथीच्या जाहिराती मी हेडलाईनच्या आधी वाचतो, वयच तसं झालंय. फोटो, कै. अमुक, दोन तारखा, मग खाली शोकाकुल म्हणून पंधरावीस नावं. माणूस जन्मभर काय काम करत होता ते मात्र नसतं, डॉक्टर किंवा रिटायर्ड ऑफिसर असला तंच असतं.

हे डोक्यात घुसलं भाचीमुळे. ती पुरातत्त्व शिकते अन् व्हॉट्सअॅपवर जुन्या दगडांचे फोटो टाकत असते. त्यात एक निघाला रोमजवळचा, ओस्तिया बंदराच्या बाजूला इसोला साक्रा म्हणून दफनभूमी आहे तिथला, दुसऱ्या शतकातला. थडग्याच्या दर्शनी भिंतीवर भाजलेल्या मातीची पाटी, तिच्यावर बाळंतपण चाललंय. बाई खुर्चीवर बसली आहे, मागून एकीनं तिला घट्ट धरलंय, समोर बुटक्या स्टुलावर सुईण, हात कामात पण तोंड दुसरीकडे फिरवलेलं. मी फोटो बघतच राहिलो जी, कारण माझी आई पाचपावलीत सुईण होती अन् ती सांगायची, "बाईकडे टक लावून पाहायचं नाही, हाताला समजते."

त्या रोमन सुईणीचं नाव स्क्रिबोनिया अॅटिके. थडगं तिनं स्वतःच बांधून घेतलं, स्वतःसाठी, नवरा अमेरिम्नुससाठी अन् आईसाठी. नवऱ्याची वेगळी पाटी आहे, तो एकाच्या पायावर उपचार करतोय. गंमत म्हणजे थडग्यावर कोरलेल्या लेखात कुटुंबातले अन् गुलामीतून सोडवलेले लोकही येथे चालतील असं लिहिलंय, फक्त पॅनाराटुस अन् प्रोस्डोसिया हे दोघं सोडून! काय भांडण झालं असेल बाप्पा. पण सुईण हा शब्द त्या लेखात कुठंच नाही, ते काम चित्रच सांगते.

रोममध्येच पोर्ता माज्जोरे गेटजवळ युरिसाकेस नावाच्या बेकरीवाल्याचं थडगं आहे, दोन हजार वर्षांच्या वरचं. १८३८ मध्ये गेटचं नंतरचं बांधकाम पाडलं तेव्हा ते मोकळं झालं. वर चित्रांचा पट्टा कोरलाय, दळण, कणीक मळणं, पाव थापणं, भट्टी, शेवटी वजन. अन् लेखात सरळ 'बेकर, ठेकेदार'. बायकोच्या लेखात तं लिहिलंय की तिच्या अस्थी या पावाच्या टोपलीत आहेत. तो बहुतेक आधी गुलाम असावा असं म्हणतात. अन् त्याच काळातले सिसेरो या रोमन वक्त्या-लेखकासारखे मोठे लोक खाटीक, स्वयंपाकी, मासे विकणारे यांची कामं हलकी म्हणून नाक मुरडत होते, त्यांच्याच शहरात यानं भट्टी अन् तराजू रस्त्यावर दिसेल असा कोरून घेतला.

आपल्याकडे वीरगळ आहेत पण ते लढून मेलेल्याचे. बाकीच्यांना दगड कुठला. आईला गंगाबाई घाटावर नेलं, अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावात सोडल्या, झालं. उरली ती पेपरातली जाहिरात. मागच्या वर्षी मी कागदावर 'सुईण' लिहिलं होतं, मोठ्या भावानं खोडलं, म्हणे काऊन लिहितो, पोराच्या सोयरिकीचं चाललंय, लोक काय म्हणतील. त्या लोकांपैकी अर्ध्यांची नाळ माझ्या आईनं कापली आहे साहेब. रात्री दोन वाजता कोणी कडी वाजवली की पावसात पण निघायची, मिळायचं काय तं एक खण, नारळ, कधी पायलीभर तांदूळ, कधी ते पण नाही. अन् त्या दिवशी मी पण गप्प बसलो, ते खोटं कशाला सांगू.

म्हणून विनंती आहे की तुमच्या जाहिरातीच्या फॉर्ममध्ये नाव अन् तारखेच्या मध्ये कामासाठी एक ओळ ठेवा, शिंपी, हमाल, मिलमधला फिटर, जे असेल ते. ओळ छापलेली असली की घरचे आपोआप भरतात, नसली की खोडतात. पुढच्या महिन्यात आईची पुण्यतिथी आहे, यावेळी काउंटरवर मी एकटाच येतो. जागा वाढली तं पैसे वाढवून घ्या.

आपला,
एक वाचक, पाचपावली, नागपूर