बंबात कोळसा घालण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाकूड महागलं, धूर फार होतो, तेव्हा थंडीत बंबाला आणि खोलीतल्या शेगडीला कोळसाच बरा, असं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्याकडे छापून आलं. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं कुपोल्यावर, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीवर, काढली. लाकूड, कोळसा, कोक या सगळ्यांशी हातानं ओळख आहे, डाव्या मनगटावर खूणही आहे. म्हणून हे लिहितो.

आधी कोळसा म्हणजे कोणता, ते ठरवू. लाकूड जाळून विझवलेला लोणारी कोळसा वेगळा, तो इस्त्रीवाल्याच्या गाड्यावर दिसतो. खाणीतला दगडी कोळसा वेगळा. मुरगाव बंदरात उतरलेला हा कोळसा वाघिणी भरभरून कॅसलरॉक-लोंढ्यावरून वर जाताना आपण पाहतोच. त्यालाच हवा न लागू देता भाजला की कोक होतो, आम्ही कुपोल्यात तो घालायचो. पत्रलेखकांनी या सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं आहे.

कोक मी घरच्या बंबात घालून पाहिलेला आहे. १९८७ सालचा डिसेंबर. पिशवीभर बारीक कोक घरी आणला (फोरमनला विचारून, हेही सांगून ठेवतो). बंब आईच्या वेळचा, तांब्याचा, चाळीसेक लिटरचा, मधल्या उभ्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. कोक पेटता पेटेना. खाली करवंट्या, वर रॉकेल, फुंकणीनं फुंकून फुंकून माझे गाल दुखले. पण एकदा धरला म्हणताना धूर नाही, ठिणगी नाही, पाणी कढत. बायको खूश, मी तिच्याहून खूश. चौघांच्या अंघोळी झाल्या, बंबातलं पाणी तोटीपर्यंत उतरलं. लाकूड असतं तर एव्हाना नळीत राखच उरली असती. कोकला तर आत्ता कुठे रंग चढला होता. पाण्याच्या वरची नळी कोरडी पडून लाल झालेली. बायकोनं सवयीनं वरून गार पाण्याची कळशी ओतली. चर्र झालं, आणि नळीच्या उभ्या सांध्याचा डाग, म्हणजे झाळण, सुटून पाणी थेट विस्तवावर. दुसऱ्या दिवशी तांबटाकडे नेला तर त्यानं नळीत बोट फिरवलं आणि म्हणाला, "मिस्त्री, घरात कुपोला लावलासा काय?"

बंब हे अंघोळीपुरतं भांडं आहे. अंघोळी आटपल्या की आग आपोआप बसली पाहिजे, आणि तेवढंच काम बंबफोड, म्हणजे बंबासाठी फोडलेलं लाकूड, करते. कोकला पेटायला खालून दाबून वारा लागतो, तो कुपोल्यात ब्लोअर देतो, न्हाणीत कोण देणार? दगडी कोळशाचं तर नावच नको. आपल्याकडच्या खाणींतल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के निघते, गंधकाचा वास घरभर होतो आणि तो धूर तांब्याला खातो. लाकडाची राख निदान भांड्यांना, झाडांना, कडधान्याला लावायला उपयोगी पडते.

आता शेगडी. हे लिहिताना आजही हात जड होतो. १९९६ च्या जानेवारीत थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बेळगावची थंडी तुम्हाला माहीत आहे, आणि त्या वर्षी वाराही होता. बाळंतिणीची खोली म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दार लोटलं, बाजेखाली लोणारी कोळशाची शेगडी ठेवली. आमच्या आईनं ठेवली होती, तिच्या आईनं ठेवली होती, तशीच. रात्री लेक म्हणू लागली, डोकं ठणकतंय, मळमळतंय. घरात सगळे म्हणाले, अशक्तपणा. मी पाणी द्यायला आत गेलो आणि वाकून पाहिलं तर निखाऱ्यांवर बोटभर निळी ज्योत नाचत होती. ती ज्योत मी रोज कुपोल्याच्या तोंडाशी बघायचो. हा कार्बन मोनॉक्साइड जळतो आहे, आणि जो जळत नाही तो खोलीत साठतो आहे, हे कळायला मला क्षणभर लागला नाही. शेगडी उचलून अंगणात नेली, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, मायलेकरांना ओसरीवर आणलं. दोघं वाचली. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. लाकडाचा धूर निदान खोकायला लावून माणसाला बाहेर काढतो. लोणारी कोळसा बिनधुराचा म्हणून खोलीत घेतात, आणि धोका तिथेच आहे. (बंद न्हाणीतल्या गॅस गीझरलाही हेच लागू, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

आता धुराबद्दल. पत्रलेखकांची ही तक्रार खरी आहे, धुरानं बायकांच्या छातीचं वाटोळं केलंच आहे. पण बराचसा धूर ओल्या जळणाचा असतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं. एक किलो पाणी वाफ करून उडवायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी लागतात, आणि अंघोळीची वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला पाचशे. म्हणजे ओल्या जळणातल्या दर किलो पाण्यामागे तुमची एक बादली गेली! उलट वाळलेलं लाकूड किलोला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी देतं. लोणारी कोळसा सात हजारांच्या आसपास देतो हे कबूल, पण साध्या भट्टीत तो एक किलो मिळवायला चार-पाच किलो लाकूड खर्ची पडतं, तेव्हा रानाची बचत होते असं कुणी समजू नये.

बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' केंद्रानं धुराड्याची 'अस्त्र ओले' नावाची चूल काढली होती. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. आमच्या गल्लीतल्या एका आजींना वाटलं, ओलं जळण चालणारी चूल आहे, आणि त्यांनी घातलंही. चूल चांगली, पण पुढचे पंधरा दिवस आजी तिला नावं ठेवत होत्या.

कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस किती कोसळतो हे सांगायला नको. तिकडचं जळण वखारीत येतं ते पावसाळ्यात भिजलेलं, उघड्यावर पडलेलं, आणि वजनावर विकलं जातं. आपण पाण्याला लाकडाचा भाव देतो. वखारवाल्यांना माझी विनंती आहे की पत्र्याखाली निदान एक रांग उन्हाळ्यातल्या जळणाची ठेवावी आणि तिचा भाव जास्त लावावा, आम्ही देऊ. घेणाऱ्यांनी दोन फोडी एकमेकींवर आपटून बघाव्यात. टणटण वाजल्या तर घ्या, धप्प वाजल्या तर सोडा. टोकाला तडे गेलेले असावेत. बाभूळ, चिंच चांगली, निखारा धरते. पांगारा, सावर कागदासारखी जाते, ती पेटवणापुरती घ्यावी.

आमचा बंब अजून चालू आहे. नळीवर त्या तांबटानं दिलेला डाग बाकीच्या तांब्यापेक्षा पिवळा दिसतो, नात घासताना विचारते हे काय आहे म्हणून.

कळावे,
एक निवृत्त कुपोला कामगार,
अनगोळ, बेळगाव