आमोसचं पुस्तक पूर्ण वाचा की!

संपादक साहेब, नमस्कार. हल्ली कुठे युद्ध पेटलं की लगेच मेसेज फिरायला लागतात, बायबलमध्ये अमुक देशाचा नाश लिहिलाय म्हणून, आणि लोक नकाशा काढून बसतात. मला वाटतं या मंडळींनी बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय नीट वाचलेलेच नाहीत. हा आमोस म्हणजे तकोवाचा मेंढपाळ, इ.स.पू. 8 व्या शतकातला. तो दिमिष्क (दमास्कस), गज्जा (गाझा), सोर, अदोम, अम्मोन, मवाब असं इस्राएलच्या एकेका शेजाऱ्याला दोषी धरतो, ऐकणारे इस्राएली खूशच झाले असतील, आणि मग गाडी यहूदावरून (दक्षिणेचं भाऊबंद राज्य) थेट त्यांच्याच दारात! आरोप काय, तर गरिबाला पायातल्या जोड्याच्या किमतीत विकता. मवाबचा गुन्हा तर बघा, अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला, म्हणजे यात इस्राएलचा काही संबंधच नाही, तरी देव हिशोब मागतो. पुढे इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतलीच. तेव्हा फॉरवर्ड करणाऱ्यांनी शत्रूचं नाव शोधताना 'इस्राएल' वाला परिच्छेद का गाळला ते जरा सांगावं.

– एक वाचक, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर)